चमचा वाजेना, रंग जाईना

"ऊठ! तो स्टूल माझा आहे!"

"कुठे नाव लिहिलंय तुझं?"

"मागच्या सुट्टीत मीच बसत होते यावर. विचार आत्याला!"

ठिणगीने खांद्यावरची पिशवीसुद्धा अजून खाली ठेवली नव्हती. बसमधून उतरली ती धावत सुटली, कारखान्याच्या फाटकातून आत शिरली, ओल्या कापडांच्या ढिगाऱ्यांना वळसा घालून थेट आत्याच्या खोलीत. आणि पाहते तर काय! काचेच्या टाकीसमोरच्या उंच स्टुलावर तिची चुलतबहीण बसलेली. अंगात आत्याचा पांढरा कोट, बाह्या दुमडलेल्या, नाकावर जाड भिंगांचा चष्मा.

त्या चष्म्यापायीच ठिणगीने तिचं नाव 'दुर्बीण' ठेवलं होतं. खरं तर चिडवायला! पण आत्याला ते नाव इतकं आवडलं, की तीही लाडाने 'माझी दुर्बीण, माझी दुर्बीण' करायला लागली. करायला गेले एक आणि झाले भलतेच, ते असं.

"अगं, आलात का?" आत्या हात पुसत आली. तिने ठिणगीला जवळ घेतलं, मागून धापा टाकत आलेल्या भोवऱ्याचा गालगुच्चा घेतला. भोवरा म्हणजे ठिणगीचा धाकटा भाऊ. एका जागी उभं राहिलेलं त्याला कुणी पाहिलं नव्हतं. "दुर्बीण आठवड्यापूर्वीच आली बरं का! या वेळचे सगळे पत्रे तिनेच तयार केलेत. काय सफाईदार हात आहे पोरीचा!"

ठिणगी हसली. म्हणजे ओठ तरी हलले. आतून मात्र तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. आठवडा आधी! कोट तिचा, स्टूल तिचा आणि आता आत्याही तिचीच!

"आत्या, हे पाणी कशानं साफ होतं?" भोवऱ्याने टाकीला नाक लावलं. टाकीत लालभडक पाणी होतं. कापड रंगवून उरलेलं पाणी. त्यात पांढरा लेप दिलेले पातळ पत्रे ओळीने टांगले होते.

आत्या सांगणार, तोच दुर्बीण म्हणाली, "त्या लेपात एक पावडर आहे. वरच्या काचेतून ऊन पडलं की तिचे कण कामाला लागतात. आणि हलवत राहिलं की आणखी चपळ होतात. मग ते रंगाचे तुकडे तुकडे करतात आणि पाणी स्वच्छ! पावडर स्वतः मात्र संपत नाही. अशा पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात."

"स्वतः न झिजता दुसऱ्याला कामाला लावायचं? म्हणजे मॅनेजरकाकांसारखं!" भोवरा म्हणाला आणि आत्या खो खो हसली.

"पण हलवतं कोण?"

"गरगऱ्या!" आता ठिणगी मध्येच ओरडली. हे तरी तिला माहीत होतं! भिंतीपलीकडे ओलं कापड पिळणारं भलंमोठं यंत्र होतं. ते गरगर फिरायचं म्हणून कामगार त्याला गरगऱ्या म्हणत. तो फिरायला लागला की सगळी जमीन बारीक थरथरायची. टाकी ज्यावर उभी होती तो लोखंडी घोडा आत्याने त्याच जमिनीत पक्का बसवला होता. थरथर फुकट, ऊन फुकट!

"शाबास!" आत्या म्हणाली. "दुर्बिणीलाही पहिल्या दिवशी हेच सांगितलं मी."

झालं! मिळालेली शाबासकी पुन्हा दुर्बिणीच्याच खात्यात गेली. ठिणगी पाय आपटत बाहेर पडली आणि ऑफिसच्या लोखंडी जिन्यावर जाऊन बसली. तिथून मॅनेजरकाकांचं टेबल दिसायचं. टेबलावर चहा होता. गरगऱ्या फिरत होता आणि बशीतला चमचा आपोआप वाजत होता, किणकिण किणकिण.

"डोकं उठवलंय या यंत्राने!" मॅनेजरकाका करवादले. "चहा निम्मा बशीत, निम्मा कागदावर!"

संध्याकाळी टाकीतलं पाणी नळाच्या पाण्यासारखं नितळ झालं. आत्याने टाळ्या वाजवल्या. ठिणगीने वाजवल्या नाहीत.

मंगळवारी कारखाना बंद असायचा. आत्या तिघांना तळ्यावर घेऊन गेली. तिथे दुर्बिणीला पोहता येत नाही हे कळल्यावर ठिणगीने पाण्यात इतके सूर मारले, की भोवरा म्हणाला, "ताई, पुरे! मासे घाबरलेत!"

बुधवारी मात्र आक्रीत घडलं. टाकीत सकाळी लाल पाणी भरलं. ऊन कडक होतं. पलीकडे गरगऱ्या घरघरत होता. पण संध्याकाळ झाली तरी पाणी गुलाबीच! गुरुवारी आत्याने टाकी धुतली, पाणी बदललं, वरच्या काचा पुसल्या. संध्याकाळी पुन्हा गुलाबी.

"असं कसं?" आत्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ऊन आहे, यंत्र चालू आहे. उरला तो लेप. दुर्बिणी, पत्रे नीट सुकवले होतेस ना?"

"हो, आत्या."

"नक्की? घाई नाही ना केलीस?"

"नाही गं, आत्या!"

"मग पाणी गुलाबी का?" आत्या कधी नव्हे ती ओरडली. "परवा मालकीणबाई येणार आहेत. त्यांच्यासमोर पाणी असंच राहिलं, तर टाकी भंगारात जाईल. दोन वर्षांची मेहनत वाया! आणि रंगाचं सगळं पाणी पूर्वीसारखं ओढ्यात!" मग तिने स्वतःलाच आवरलं. "जाऊ दे. मी उद्या पहाटे शहरात जाऊन ही पावडर तपासून आणते. तू रविवारच्या बसने घरी जा, बाळा. आता मला एकटीनेच काम करू दे."

दुर्बिणीने कोट काढला, घडी घातली आणि स्टुलावर ठेवला. दाराशी उभ्या असलेल्या ठिणगीच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. खोटं कशाला बोला? फुटतच होत्या!

जेवणं झाल्यावर भांडी विसळायची पाळी ठिणगीची होती. ती गुणगुणत होती. एक चमचा ताटलीवर पडला. किणकिण!

आणि ठिणगीचा हात जागच्या जागी थांबला.

मॅनेजरकाकांचा चमचा! काल ती कितीतरी वेळ जिन्यावर बसली होती, आजही बसली होती. गरगऱ्या फिरत होता, चहा टेबलावर होता, पण चमचा एकदाही वाजला नव्हता! चमचा वाजत नाही म्हणजे टेबल हलत नाही. टेबल हलत नाही म्हणजे जमीन थरथरत नाही. आणि जमीन थरथरत नसेल तर...

"आत्या!" हाक अगदी ओठांपर्यंत आली. आत्या पलीकडच्याच खोलीत पिशवी भरत होती. चार पावलांचं अंतर. पण त्याच खोलीच्या कोपऱ्यात दुर्बीण पाठमोरी बसली होती. रविवारी जाणार होती. मग स्टूल मोकळा, कोट मोकळा, आत्या मोकळी.

'सकाळी सांगते,' ठिणगी मनाशी म्हणाली. 'सकाळी सांगितलं तरी काय बिघडतंय?'

सकाळी ती उठली तेव्हा आत्या पहिल्या बसने निघून गेली होती.

दुर्बीण जायला हवी होती हे खरं, पण टाकी कुठे जायला हवी होती? ठिणगी धावत फोनपाशी गेली.

"आत्या, मला कळलंय! गरगऱ्याची थर..."

"कोण, ठिणगी? बसमध्ये काही ऐकू येत नाहीये गं! काय झालं? हे बघ, फोन दुर्बिणीला दे. ती नीट सांगेल."

दुर्बिणीला दे! नीट सांगेल! ठिणगीने दाणकन फोन आपटला. डोळ्यांत टचकन पाणी आलं. ज्या दुर्बिणीला आत्याने घरी पाठवायचं ठरवलं, तिच्यावरच अजून भरवसा? आणि आपण कोण? शेजारीपाजारी?

"ताई," मागून भोवरा म्हणाला, "फोन मोडला तर बाबा तुझे कान मोडतील."

ती तशीच आतल्या खोलीत गेली. दुर्बीण बॅग भरत होती. चष्मा बाजूला काढून ठेवलेला, डोळे सुजलेले.

"आलीस मजा बघायला?" ती न बघताच म्हणाली.

"मॅनेजरकाकांचा चमचा वाजत नाही!" ठिणगीने एका दमात सांगून टाकलं. "सोमवारी वाजत होता. बुधवारपासून बंद! गरगऱ्या फिरतो, पण जमीन थरथरतच नाही!"

दुर्बिणीने चष्मा डोळ्यांवर चढवला. "काय सांगतेस! मग लेप चांगलाच आहे! नुसत्या उन्हात पावडर काम करते, पण फार हळू. म्हणून गुलाबी! अगं, केव्हा कळलं तुला हे?"

ठिणगीने बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळला.

"केव्हा?"

"काल. भांडी घासताना."

"काल? आत्या घरात असताना? मग सांगितलं का नाहीस?"

"कारण तू जावंस असं मला वाटत होतं!" ठिणगी ओरडली. "माझा स्टूल घेतलास, कोट घेतलास, आत्या घेतलीस! दिवसभर आपलं दुर्बीण, दुर्बीण! मी आले काय, न आले काय, कुणाला फरक पडतो?"

दुर्बीण उभी राहिली. आता मारते की काय, असं भोवऱ्याला वाटलं आणि तो उत्सुकतेने पुढे सरकला.

"मी आठवडा आधी का आले, माहीत आहे?" दुर्बीण म्हणाली. तीही आता ओरडतच होती. "तू यायच्या आत आत्याला काहीतरी करून दाखवायचं होतं म्हणून! येऊन बघते तर काय? मागच्या वर्षी ठिणगीने ही गळती शोधली! ठिणगी असती तर केव्हाच वर चढली असती! ठिणगी कशी धीट, ठिणगी कशी चपळ! माझे कान किटले तुझं नाव ऐकून! मला तर वाटत होतं, तुझी बस चुकावी आणि तू येऊच नये!"

ठिणगी धपकन बॅगेशेजारी बसली.

"आत्या असं म्हणायची?" ठिणगीने हळूच विचारलं.

"रोज! जेवतानासुद्धा!"

ठिणगीला हसू आलं. मग दुर्बिणीलाही. आपला जिच्यावर जळफळाट होतो, तीही आपल्यावर तेवढीच जळते, हे ऐकून माणसाला इतकं बरं वाटत असेल याची ठिणगीला कल्पनाच नव्हती!

"झालं का भांडण?" भोवरा निराश होऊन म्हणाला. "मग कामाला लागा. भोंगा व्हायचाय अजून."

कारखाना सुरू व्हायला थोडा वेळ होता. गरगऱ्या अजून बंदच होता. मुकादमकाकांना विचारून भोवरा जमिनीवर सपशेल आडवा झाला आणि त्याने यंत्राच्या पायांखाली डोकावलं.

"काळ्या गाद्या!" तो ओरडला. "रबराच्या! चारही पायांखाली!"

"मंगळवारी बसवल्या," मुकादमकाका म्हणाले. "मॅनेजरसाहेबांचा हुकूम. हादरे बसतात म्हणाले."

मंगळवारी! म्हणजे हे चौघं तळ्यावर असताना! दोघी तशाच जिना चढून ऑफिसात गेल्या.

"काका, त्या गाद्या काढा ना! त्यांच्यामुळे टाकीतला रंग जात नाहीये!"

"रबराचा आणि रंगाचा काय संबंध?" मॅनेजरकाकांनी शांतपणे चहाचा घोट घेतला. कप काठोकाठ भरलेला होता आणि एक थेंबही सांडत नव्हता. "उद्या म्हणाल, माझ्या टकलामुळे ऊन पडतं! तुमच्या आत्याचा तो काचेचा पिंजरा चालतच नव्हता मुळी. उद्या मालकीणबाई आल्या की होईल सोक्षमोक्ष. गाद्यांना कुणीही हात लावायचा नाही. पळा!"

खाली आल्यावर ठिणगीने पायरीवर मूठ आपटली. "आता?"

"आता पुरावा पाहिजे," दुर्बीण म्हणाली. "माझ्याकडे लेप दिलेल्या पत्र्याची एक पट्टी उरलीय. तिचे दोन तुकडे करू. दोन बरण्यांत सारखंच लाल पाणी घालू, सारखंच ऊन देऊ. एक बरणी स्थिर, दुसरी थरथरती. पण दिवसभर थरथरणारं काहीतरी हवं. तेही उन्हात. असं काय आहे इथे?"

हे मात्र ठिणगीलाच विचारायला हवं होतं! स्टूल गेल्यापासून रुसून रुसून तिने कारखान्याचा कोपरा न् कोपरा पालथा घातला होता. "शिवणकाकूंचं टेबल!" ती म्हणाली.

शिवणकाकू रंगवलेल्या कापडांचे काठ शिवायच्या. त्यांचं टेबल दक्षिणेच्या मोठ्या खिडकीला टेकून होतं आणि मशीन सुरू झालं की ते सगळंच्या सगळं थडथडायचं. काकू तर खूशच झाल्या. "ठेवा की! तेवढीच सोबत. फक्त माझ्या कापडावर सांडू नका, नाहीतर तुम्हालाच शिवून टाकीन!"

दुर्बिणीने हातमोजे घालून बरण्या भरल्या, पट्ट्या सोडल्या आणि झाकणं घट्ट लावली. ठिणगीने एक बरणी टेबलाला सुतळीने करकचून बांधली. दुसरी तिथेच खिडकीच्या दगडी कट्ट्यावर ठेवली. मशीन घरघरलं आणि टेबलावरच्या बरणीत बारीक बारीक लाटा उठल्या.

दुपारी मॅनेजरकाका पाहणीला निघाले. उद्याच्या तयारीचं जो दिसेल त्याला बजावत होते. "हे उचला! ते झाका! आणि हे काय? बरण्या? फेका आधी बाहेर!"

दुर्बिणीचा चेहरा पांढराफटक पडला. ठिणगी उडी मारून पुढे होणार, इतक्यात भोवरा निरागसपणे म्हणाला, "काका, त्या मालकीणबाईंसाठी आहेत."

"मालकीणबाईंसाठी?"

"हो. त्यांना खास दाखवायच्यात. पण तुम्ही म्हणता तर फेकतो बापडा."

"अरे, थांब थांब!" मॅनेजरकाकांचा आवाज एकदम मऊ झाला. "आधी नाही का सांगायचं? खबरदार कुणी हात लावला तर! काकू, लक्ष ठेवा. उद्या मी स्वतः ट्रेमधून नेऊन देईन त्यांना."

ते गेल्यावर भोवऱ्याने दोन्ही हात पसरून स्वतःभोवती गिरकी घेतली. "यात एक शब्द तरी खोटा होता का? सांगा!"

ऊन कललं तेव्हा तिघंही खिडकीशी उभे होते. कट्ट्यावरची बरणी गुलाबी. टेबलावरची बरणी मात्र स्वच्छ! इतकी स्वच्छ, की पलीकडून शिवणकाकूंचा हसरा चेहरा दिसत होता.

"जमलं!" दुर्बिणीने ठिणगीला मिठीच मारली. ठिणगीनेही मारली. चष्मा टोचला, पण तिने तसं सांगितलं नाही.

शनिवारी मालकीणबाई आल्या. पांढरे केस, हातात काठी आणि नजर अशी, की कामगार आपोआप ताठ उभे राहिले. त्यांच्या मागोमागच आत्या बसमधून उतरली. चेहरा उतरलेला. "पावडरीत काहीच दोष नाही," ती हताशपणे म्हणाली. "मग कुठे चुकतंय तेच कळत नाही."

मुलींना तिला काही सांगायची संधीच मिळाली नाही. मॅनेजरकाकांचं भाषण सुरू झालं होतं.

"बाई, सांगायला वाईट वाटतं, पण तीन दिवस पाणी गुलाबीच राहिलंय. प्रयोग फसला! टाकी काढली तर तिथे छान कपाट बसेल. आणि हो, ही आपल्यासाठी खास भेट!" असं म्हणून त्यांनी ऐटीत ट्रे पुढे केला.

मालकीणबाईंनी एकदा गुलाबी बरणीकडे पाहिलं, एकदा स्वच्छ बरणीकडे. "काय आहे हे?"

"हे... आपलं... फुलांसाठी असेल," मॅनेजरकाका अडखळले.

"काल सकाळी दोन्हींत सारखंच लाल पाणी होतं," ठिणगी पुढे होऊन म्हणाली. "एक बरणी थरथरत होती, दुसरी नव्हती."

"आणि दोन्हींत मी लेप दिलेलीच पट्टी आहे," दुर्बीण म्हणाली.

"आणि गरगऱ्याच्या पायांखाली गाद्या आहेत!" भोवरा ओरडला.

आत्याने एकदम कपाळावर हात मारला. "गाद्या? अगं बाई! मी इतके दिवस वर उन्हाकडे बघतेय आणि लेपाकडे बघतेय. पायांखाली कधी बघितलंच नाही!"

"गाद्या कुणी घातल्या?" मालकीणबाईंनी विचारलं.

मॅनेजरकाकांच्या टकलावर घाम जमला. "मी, बाई. चहा सांडायचा म्हणून."

"तुमचा कपभर चहा वाचवायला सगळा ओढा रंगवणार होतात?" मालकीणबाईंनी काठी आपटली. "गाद्या काढा. आत्ता! मी संध्याकाळपर्यंत इथेच बसते."

गाद्या निघाल्या, टाकीत नवं लाल पाणी भरलं, गरगऱ्या सुरू झाला. टाकीतलं पाणी लालाचं गुलाबी झालं, गुलाबीचं फिकट झालं आणि उन्हं उतरायच्या सुमारास अगदी नितळ. मुकादमकाकांनी शिट्टी वाजवली.

"वा!" मालकीणबाई म्हणाल्या. "आता अशीच मोठी टाकी बांधायची. सगळ्या कारखान्याचं पाणी त्यातून गेल्याशिवाय बाहेर सोडायचं नाही. पण हे हुडकलं कुणी?"

"माझ्या दुर्बिणी..." आत्याने सुरुवात केली.

ठिणगीच्या काळजात पुन्हा ती जुनी कळ उठली. पण दुर्बीण म्हणाली, "मी नाही. ठिणगीने. जमीन थरथरत नाही हे तिच्याच लक्षात आलं."

सगळे ठिणगीकडे बघायला लागले. शाबासकी अगदी समोर उभी होती. नुसती घ्यायची होती.

"मला ते गुरुवारीच कळलं होतं," ठिणगी मान खाली घालून म्हणाली. "आत्या, तू घरातच होतीस. तरी मी बोलले नाही. दुर्बिणीवर दोष आला होता ना, तो तसाच राहू दिला."

आत्या दोघींच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"दुर्बिणी, मी न तपासता तुला दोष दिला. आणि ठिणगी, तू फोन केलास तर मी धड ऐकूनही घेतलं नाही. तू चुकलीस गं, पण इथे मी दोनदा चुकले. आणि तरी दोघींनी मिळून माझी टाकी वाचवलीत!" तिने दोघींना घट्ट जवळ घेतलं.

"हुशार आहेत पोरी," मालकीणबाई म्हणाल्या. "आणि चूक चारचौघांत कबूल करायला मोठ्यांनासुद्धा जमत नाही. काय हो, मॅनेजर?"

मॅनेजरकाका रिकाम्या ट्रेकडे बघत राहिले.

"आणि तो ट्रे कुणामुळे आला?" भोवरा कंबरेवर हात ठेवून उभा होता. चक्क एका जागी! "सगळं कौतुक यांचंच? मी काय झाड आहे?"

मालकीणबाई मनापासून हसल्या. त्यांनी त्यालाही जवळ बोलावून पाठीवर थाप दिली. मग म्हणाल्या, "पुढच्या सुट्टीत मोठ्या टाकीवर मदतीला कुणाला बोलवायचं?"

'मला!' हा शब्द ठिणगीच्या जिभेच्या टोकावर आला. तिने तो गिळला. फार कष्टाने गिळला.

"दोघींना बोलवा," ती म्हणाली. आणि मग राहवलंच नाही. "पण मला एक दिवस आधी!"

आत्या डोळे वटारणार होती. पण दुर्बिणीने चष्मा सावरला, थोडा विचार केला आणि म्हणाली, "चालेल. अर्धाच दिवस."